कादंबरीची पेठ आणि वाचकाची भीड

नांदगाव पेठेच्या नावातच बाजार आहे. अमरावतीहून नागपूरच्या वाटेला लागले की हे गाव येते. भोवतालचा मुलूख कापसाचा, तुरीचा आणि संत्र्यांचा. आपण पिकविलेला माल आपणच बाजारात नेऊन विकावा, यात इथल्या माणसाला कधी कमीपणा वाटलेला नाही. परंतु याच मुलखात एखाद्या लेखकाने स्वतः लिहिलेली आणि स्वतःच्या पैशाने छापलेली कादंबरी पिशवीत घालून आपल्या दारी आणली, की आपण अवघडतो. साहित्यिकाने असे दारोदार हिंडावे काय, असा प्रश्न मनात येतो. त्या प्रश्नाचा थोडा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे. कारण नव्या लेखकाचे, आणि पर्यायाने आपल्या भाषेचेही, बरेच काही या अवघडलेपणात अडकून पडले आहे.

स्वतंत्रपणे पुस्तक काढणाऱ्या लेखकाची स्थिती आधी ध्यानात घेतली पाहिजे. त्याच्यामागे प्रकाशकाची पेढी नसते. हस्तलिखितावरून परखड नजर फिरविणारा संपादक नसतो. मुद्रिते तोच तपासतो, मुखपृष्ठ तोच ठरवितो, छापखान्याचे बिल तोच भागवितो आणि गठ्ठेही तोच घरी आणतो. त्यानंतर प्रचार सुरू होतो. पूर्वी हस्तपत्रके असत, आज भ्रमणध्वनीवर मुखपृष्ठाचे छायाचित्र येते. पण त्यामागची विनवणी एकच असते. आमचे पुस्तक आले आहे, ते घ्या आणि वाचा.

या विनवणीला आपण दोन प्रकारे उत्तर देतो. एक तर नाक मुरडतो, नाही तर भिडेखातर प्रत विकत घेतो. आमच्या मते यांतील दुसरे उत्तर अधिक घातक आहे. नाक मुरडणाऱ्याचे मत लेखकाला निदान कळते. भिडेखातर घेतलेली प्रत मात्र कपाटात न उघडता राहते, आणि लेखक भेटला की ‘छान लिहिले आहे’ या तीन शब्दांत आपण त्याची बोळवण करतो. पैसे चुकते झाले, पण वाचकाचे देणे बाकीच राहिले.

आपले पुस्तक आपणच लोकांपुढे नेणे ही मराठीत नवी गोष्ट नाही. हरिभाऊ आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि आपल्या कादंबऱ्या त्यातून क्रमशः प्रसिद्ध केल्या. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी याच साप्ताहिकातून वाचकांच्या घरात गेली. लेखक तोच आणि संपादकही तोच. आज आपण ज्याला आत्मप्रचार म्हणून हिणवतो, त्यासारखीच ही सोय होती. पण तेथे हरिभाऊंनी स्वतःची थोरवी गायिली नाही. यमू नावाच्या एका मुलीला बोलू दिले. दर अंकागणिक वाचक यमूची वाट पाहू लागला, हरिभाऊंची नव्हे. लेखकाने स्वतः मागे उभे राहून पात्राला पुढे करावे, यापरता चांगला प्रचार नाही. त्या कादंबरीचे नावही असे की ते प्रत्येक नवलेखकाच्या ओठी शोभावे.

दुसरे उदाहरण आपल्या वऱ्हाडाच्या अधिक जवळचे आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे शालेय शिक्षण अमरावतीत झाले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेऊन आल्यावर त्यांनी १९१६ साली नागपुरात ज्ञानकोशाच्या कामास आरंभ केला. त्यासाठी त्यांनी मर्यादित मंडळी स्थापिली, भाग विकले आणि गावोगाव फिरून वर्गणीदार मिळविले. पुढे कार्यालय पुण्यास गेले आणि १९२० ते १९२९ या काळात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड वाचकांच्या हाती आले. एवढा मोठा विद्वान पावतीपुस्तक घेऊन दारोदार हिंडला, आणि त्यात त्याला लाज वाटली नाही. इतकेच नव्हे, तर या साऱ्या खटाटोपाची हकीकत ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकातून त्यांनी लोकांसमोर ठेवली. लोकांकडून पैसा घेतला, तर लोकांना हिशेब द्यावा, ही त्यामागची वृत्ती होती.

हेच केतकर कादंबरीकारही होते. ‘गोंडवनातील प्रियंवदा’ १९२६ साली आली, ‘ब्राह्मणकन्या’ १९३० साली. ज्ञानकोश विकता येतो, कारण त्याचा उपयोग दोन वाक्यांत सांगता येतो. कादंबरीचे तसे नाही. ‘ब्राह्मणकन्ये’चीच गोष्ट घ्या. कालिंदी ही सुशिक्षित मुलगी. पण तिच्या आजीच्या पूर्वायुष्यामुळे समाज तिच्या जन्मावर बोट ठेवतो. ती शिवशरणप्पा या लिंगायत व्यापाऱ्याबरोबर लग्नावाचून राहते, तिला मूल होते, आणि पुढे स्वतःच्या विचाराने ती आपले आयुष्य नव्याने उभे करते. इतका धीट विषय त्या काळी फार थोड्यांनी हाताळला असेल. परंतु केतकरांची पात्रे बोलू लागली की व्याख्यान देऊ लागतात. कथा थांबते आणि समाजशास्त्र सुरू होते. हरिभाऊंची यमू आपल्या स्वराने आपल्याला जिंकते. केतकरांची कालिंदी युक्तिवादाने जिंकू पाहते. हा दोष आहे, आणि तो दोष म्हणूनच सांगितला पाहिजे.

या कादंबरीची प्रामाणिक जाहिरात करावयाची झाली तर ती कशी असावी? आमच्या मते ती अशी असेल: ‘हे पुस्तक तुम्हांला मध्येच अडवील, वाद घालील, कधी कंटाळाही आणील, पण आईबापांच्या इतिहासाचा दंड लेकरांनी का भरावा, हा प्रश्न घेतल्यावाचून ते तुम्हांला सोडणार नाही.’ अशी जाहिरात कोणी लेखक स्वतः करीत नाही. त्याला आपल्या उणिवा दिसत नाहीत, किंवा दिसल्या तरी बोलण्याचा धीर होत नाही. म्हणून हे काम वाचकाचे आणि समीक्षकाचे आहे.

ते काम केतकरांसाठी पुढे झाले. १९३७ साली ते आर्थिक विवंचनेतच वारले. त्यानंतर तीस वर्षांनी, १९६७ साली, दुर्गा भागवत यांनी ‘केतकरी कादंबरी’ हे पुस्तक लिहिले. लेखकाच्या पश्चात त्याच्या कादंबऱ्यांवर एका दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्र ग्रंथ लिहावा, यात सारे आले. आपले पुस्तक लेखक उंबऱ्यापर्यंत आणू शकतो. उंबऱ्याच्या आत ते वाचकालाच न्यावे लागते.

आता आजच्या प्रचाराचा एक दोषही सांगितला पाहिजे. वऱ्हाडातील कादंबरी पुढे आली की तिच्या मलपृष्ठावर ‘अस्सल वऱ्हाडी ठसका’ असे काही तरी हमखास छापलेले असते. जणू बोली म्हणजे भाजीवर भुरभुरविलेले तिखट. उद्धव शेळके यांनी ‘धग’ ही कादंबरी १९६० साली दिली. तिच्यातील माणसे वऱ्हाडी बोलतात. पण कौतिकच्या तोंडची ती भाषा आपल्याला हसविण्यासाठी नाही. नवऱ्याला महारोग जडलेला, संसार डोळ्यांदेखत मोडत चाललेला. अशा बाईला दुसरी कोणती भाषा येणार? तेथे बोली ही भुकेचीच भाषा आहे. नव्या लेखकाने आपली कादंबरी विकताना बोलीचा मसाला करू नये. तसे केल्याने चार प्रती अधिक खपतील, पण आपल्याच माणसांना त्याने तमाशातील सोंगाड्याच्या जागी उभे केल्यासारखे होईल.

कापूस पिकविणाऱ्या वाचकांना आम्ही वेगळे काय सांगावे? १९७२ साली राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. त्या काळात संकलन केंद्रावर गाड्यांच्या रांगा लागत आणि ग्रेडर येऊन मालाची प्रत ठरवीत असे. शेतकरी आपल्या कापसाची स्तुती करी, ते स्वाभाविकच होते. पण जाणता ग्रेडर वरचा पांढरा थर पाहून समाधान मानीत नाही. तो गाडीत खोल हात घालून आतला कापूस काढतो, त्यातला ओलावा आणि कचरा पाहतो. कादंबरीचेही असेच करावे. मलपृष्ठ, प्रस्तावना आणि प्रकाशन समारंभातील भाषणे हा वरचा थर झाला. मधले एखादे प्रकरण उघडून दोन पाने वाचावीत. तेथे माणसे जिवंत आहेत काय, की लेखकच सर्वांच्या तोंडून बोलत आहे, हे लगेच समजते. ग्रेडर जसा शेतकऱ्याचा वैरी नसतो, तसा खरे बोलणारा वाचकही लेखकाचा वैरी नव्हे. मात्र त्याने वजनात मारू नये आणि प्रतही उगीच उतरवू नये.

आपल्या ख्रिस्ती वाचकांना तर याहून जुना दाखला माहीत आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ साली मंगळूर येथे ते ओवीबद्ध पुराण पुन्हा छापले गेले, ते हस्तलिखित नकलांच्या आधाराने. म्हणजे छापखान्याने काढलेले पुस्तक हरवले, आणि भाविक कुटुंबांनी वाचण्यासाठी, गाण्यासाठी ज्याच्या नकला उतरवून घेतल्या ते टिकले. ते पुराण आहे, कादंबरी नव्हे, हे खरे. तरी पुस्तकाचे आयुष्य कोणाच्या हाती असते, हे त्यावरून उमगावे.

आमचे धर्मग्राम वऱ्हाडात लहान आणि विखुरलेले आहेत. प्रत्येकाला प्रत्येकाचे घर ठाऊक असते, म्हणून येथे भीडही अधिक. रविवारच्या मिस्सानंतर कोणी लेखक आपल्या पुस्तकाच्या प्रती घेऊन उभा राहिला, तर नाही म्हणणे कठीण जाते. आम्ही म्हणतो, नाही म्हणायचे असेल तर आदराने नाही म्हणावे. पण घेतले, तर पुरी किंमत देऊन घ्यावे. ‘आपल्याच माणसाकडून काय पैसे घेतोस’ म्हणून फुकट मागू नये. त्याने छापखान्याचे पैसे आधीच भरलेले आहेत. नंतर ते पुस्तक वाचावे, घरातल्या एकाने तरी. आणि वाचल्यावर त्याला एक पत्र लिहावे. कोणते प्रकरण मनाला भिडले, कोठे वाचन थांबले, कोणते पात्र खोटे वाटले, एवढे लिहिले तरी पुरे. पुस्तक चांगले असेल तर गावच्या वाचनालयात त्याची मागणी नोंदवावी. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि मान्यताप्राप्त वाचनालये शासनाच्या अनुदानावर चालतात. त्या पैशातून कोणती पुस्तके यावीत, हे सांगण्याची तसदी वाचकाने घेतली तर अनेक चांगल्या पुस्तकांची वाट मोकळी होईल.

लेखकांनाही एक विनंती आहे. तुम्ही पुस्तक घेऊन जरूर या, संकोच करू नका. केतकर आले होते. मात्र दारात उभे राहिल्यावर स्वतःविषयी थोडके बोला आणि आपल्या पात्रांविषयी अधिक. आमचा अभिप्राय लगेच मागू नका. महिन्याभराने पुन्हा या आणि पुस्तक वाचले काय, असे सरळ विचारा. आम्ही वाचले नसेल, तर ओशाळण्याची पाळी आमची असेल.