पक्ष्याचा कंठ आणि इंदूरचे न झालेले मंदिर

पक्ष्याचा मोह कलावंताला फार जुना आहे. पण पक्ष्यातले काय घ्यावे आणि काय टाकावे, या प्रश्नापाशी बहुतेकांची वाट अडते. पिसे घ्यावीत, कंठ घ्यावा, की उड्डाण? आधुनिक कलेतील दोन कृती या प्रश्नाला अगदी उलट उत्तरे देतात. एक परदेशांत शहरोशहरी फिरली. दुसरीचा संबंध होळकरांच्या इंदूरशी आहे. मला दोन्हींचा परिचय छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे आणि लेखी वर्णने यांतूनच झालेला आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

सेलेस्त बूर्सिए-मूझनो हा फ्रेंच संगीतकार १९९९ पासून 'फ्रॉम हिअर टु इअर' ही रचना ठिकठिकाणी मांडत आला. २०१० मध्ये ती लंडनच्या बार्बिकन केंद्रात होती, २०१५ मध्ये माँट्रियलच्या कलासंग्रहालयात. माँट्रियलला एका दालनात ७० झेब्रा फिंच, म्हणजे आपल्या मुनियांच्या कुळातले चिमुकले पक्षी, मोकळे सोडले होते आणि १४ विजेच्या गिटारी आडव्या मांडल्या होत्या. पक्षी तारेवर बसला की तार झंकारते, उडाला की पुन्हा झंकारते. कल्पना मोठी गोड आहे आणि नुसती गंमत म्हणून ती उडवून लावता येणार नाही. परंतु तारा आधीच अशा जुळवलेल्या असतात की पाय कोठेही पडला तरी बेसूर होऊ नये. माझा आक्षेप नेमका येथे आहे. मर्ढेकरांनी लयीची तीन अंगे सांगितली: संवाद, विरोध आणि समतोल. या रचनेत विरोधाला जागाच ठेवलेली नाही. पक्ष्याला चुकताच येत नाही, आणि चुकण्याची शक्यताच नसली म्हणजे गोडवा लवकर सपक होतो. शिवाय पक्ष्याचा स्वतःचा कंठ गिटारीच्या आवाजाखाली दबतो, ते वेगळेच. सबंध पक्षी जिवंत आणून ठेवला, पण त्याचे पक्षीपण मात्र हाती आले नाही.

रुमानियाचा शिल्पकार ब्रांकुशी (१८७६-१९५७) याने उलटी वाट धरली. त्याच्या देशाच्या लोककथांत 'मायास्त्रा' नावाचा जादूचा पक्षी आहे. त्याची ख्याती त्याच्या गाण्याची. १९१०च्या सुमारास ब्रांकुशीने तो घडवला तेव्हा त्याची छाती फुगलेली होती, चोच उघडी होती. पुढची तीसएक वर्षे तो त्याच पक्ष्यामागे होता. हळूहळू पाय गेले, पंख गेले, चोच मिटली आणि कंठही गेला. १९२३ पासूनच्या 'अवकाशातील पक्षी' या मालिकेत उरली ती वर झेपावणारी एक निमुळती रेषा. विश्रांतवाडीच्या आमच्या शाळेतील मुले दोन डोंगरांवर दोन वेलांट्या काढतात आणि तो पक्षी आहे हे कोणाला विचारावे लागत नाही. ब्रांकुशीने त्या वेलांट्याही पुसल्या. मग जगाने विचारणारच! १९२६ मध्ये यांतला एक कांस्यपक्षी न्यूयॉर्कला उतरला, तेव्हा जकात अधिकाऱ्यांनी त्याला स्वयंपाकाची भांडी व रुग्णालयाचे सामान या सदरात घातले आणि ४० टक्के कर लावला. तो पक्षी ही कलाकृतीच होय, असा निकाल न्यायालयाने १९२८ मध्ये दिला.

त्याच १९२६ साली यशवंतराव होळकर इंदूरच्या गादीवर आले. एकार्ट मुथेसिउस या जर्मन वास्तुकाराकडून त्यांनी माणिकबाग राजवाडा बांधून घेतला, आणि ब्रांकुशीकडून तीन पक्षी घेतले: एक झळाळत्या कांस्याचा, एक काळ्या संगमरवराचा, एक पांढऱ्या. त्यांच्यासाठी एक ध्यानमंदिर योजले होते. मध्ये पाण्याचे कुंड, भोवती तीन पक्षी, जमिनीखालून यायची वाट आणि वरच्या झरोक्यातून उतरणारे ऊन.

या योजनेचे मोठेपण ध्यानात घेतले पाहिजे. काळ्याचा पांढऱ्याशी विरोध, पक्ष्याचा पाण्यातल्या प्रतिबिंबाशी संवाद, आणि फिरत्या उन्हात दोहोंना तोलणारे कांस्य. गिटारींच्या दालनात जे नाही ते सारे येथे होते. आणि आवाज? शिल्पातून काढून टाकलेला कंठ येथे शांततेच्या रूपाने परतला असता. भुयारी वाटेने, स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकत आत आलेला माणूस त्या तिघांपुढे थांबला असता. असे थांबणे हेही ऐकणेच होय.

१९३७ मध्ये महाराणी संयोगिताराजे वारल्या. त्या हिवाळ्यात ब्रांकुशी इंदूरला येऊन गेला. मंदिर काही झाले नाही. दोन्ही संगमरवरी पक्षी १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनाने विकत घेतले. कांस्याचा कॅलिफोर्नियात गेला. माणिकबागेत पुढे अबकारी व सीमाशुल्क खात्याचे कार्यालय झाले!

यात कोणा एकाला दोष देण्यात अर्थ नाही. पण होळकरांच्या विलासाच्या गोष्टी आपण चवीने सांगतो आणि या मंदिराची गोष्ट सांगत नाही, हे मात्र खटकते. तीन पक्षी निरनिराळ्या दालनांत सुखरूप आहेत. परंतु घाट एकेका पक्ष्याचा नव्हता; तो तिघांचा, पाण्याचा आणि उन्हाचा मिळून होता. पक्षी परदेशी गेले याहूनही मोठी हानी ही, की तो घाट कोणालाच पाहायला मिळाला नाही.