दौलताबादच्या वेढ्याचे चित्र

दौलताबादच्या वेढ्याचे चित्र : पादशाहनामा या सचित्र हस्तलिखितातील मोगल शैलीचे युद्धचित्र (सु. १६३५). ते मुरार या दरबारी चित्रकाराचे मानले जाते. शाहजहानच्या पहिल्या दहा वर्षांचा अब्दुल हमीद लाहोरीकृत वृत्तांत असलेली ही प्रत १६५६–५७ मध्ये सिद्ध झाली. पुढे ती अयोध्येच्या नवाबाकडून इंग्लंडच्या राजाकडे गेली व विंझर येथे जतन केलेली आहे.

मार्च ते जून १६३३ या काळात मोगल सेनापती महाबतखानाने निजामशाहीची राजधानी दौलताबाद वेढली. किल्ला मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान लढवीत होता. बाहेरून विजापूरचे सरदार व शहाजीराजे मोगलांना सतावीत होते. तासलेल्या कड्यांचा सुमारे २०० मी. उंच खडक आणि त्याभोवतीचे अंबरकोट, महाकोट व कालाकोट हे तट यांपुढे घोडदळ निरुपयोगी होते. लढाई झाली ती मोर्चांत व सुरुंगांत. महाबतखानाचा मुलगा खानजमान याच्या मोर्चातून अंबरकोटाखाली नेलेल्या सुरुंगात सत्तर मण दारू ठासली होती. हल्ला करणाऱ्या तुकड्या जमण्यापूर्वीच तो उडविला गेला. खिंडार पडले, पण आत शिरण्यास सैन्य सज्ज नव्हते. महाबतखान स्वतः घोड्यावरून उतरला. सेनापतीने असे पुढे जाणे युद्धनीतीस धरून नाही, असे सांगून नसीरीखानाने ती जोखीम स्वतःवर घेतली. पुढे त्याला खान दौरान हा किताब मिळाला.

लाहोरीच्या गद्यात हा प्रसंग जिवंत उतरतो. चित्रात मात्र दृष्टी प्रथम ठरते ती घोड्यांवरील सरदारांवर. खडक, तट व धूर यांची मांडणी भव्य आहे आणि चेहऱ्यांचे रेखन मोगल व्यक्तिचित्रणाच्या उत्तम परंपरेतले आहे. तथापि या वेढ्याचे खरे शौर्य पायउतार होण्यात होते, आणि नेमके तेच या मांडणीला पेलत नाही. वरून गोळ्या व बाण येत असता आठवडेच्या आठवडे माती उपसणारा बेलदार आणि अंधाऱ्या सुरुंगात दारू वाहणारा शिपाई यांचे धैर्य टिकून राहण्याचे आहे. त्याला नाट्यमय क्षण नाही व दरबारी दर्जाही नाही. बादशहासाठी काढलेल्या चित्रात माणसाचे स्थान त्याच्या मनसबीवरून ठरावे, हे स्वाभाविकच होते. यासाठी एकट्या मुरारला दोष देणे योग्य नव्हे. त्याच सुमारास स्पेनमध्ये व्हेलास्केसने ब्रेडाच्या शरणागतीच्या चित्रात दोन सेनापतींनाच मध्यभागी आणले. ब्रेडाच्या याच वेढ्यावरील झाक कालो याच्या कोरीव चित्रांत (सु. १६२८) मात्र मोर्चांच्या रेषा नकाशासारख्या पसरतात व त्यांच्या आजूबाजूला सामान्य शिपाई आपापल्या कामांत गुंतलेले दिसतात. मोर्चातील माणसाला जवळून, चेहऱ्यासह पाहणारी चित्रे पहिल्या महायुद्धानंतरची आहेत. जर्मन चित्रकार ऑटो डिक्सची १९२४ मधील युद्धविषयक चित्रमाला हे त्यांतील प्रमुख उदाहरण होय.