खिडक्यांचे कारभारी

संगणकाच्या पडद्यावर नवी खिडकी उघडते, ती कुठेतरी उघडते. मधोमध, कोपऱ्यात किंवा आधीच्या खिडकीच्या अंगावर. ती तिथेच का उघडली, तिला चौकट कोणी दिली, तिच्या माथ्यावरच्या पट्टीत नाव कोणी लिहिले, असे प्रश्न सहसा कोणाला पडत नाहीत. विंडोज किंवा मॅक वापरणाऱ्याला हे सारे बांधूनच मिळते. लिनक्स आणि त्याच्या युनिक्स भाऊबंदांमध्ये मात्र या कामासाठी एक वेगळा प्रोग्राम असतो. त्याला विंडो मॅनेजर म्हणतात. मी त्याला कारभारी म्हणतो. गेल्या चाळीस वर्षांत असे शंभराहून अधिक कारभारी लिहिले गेले आहेत.

वाङ्मयीन अंकात हा विषय कशाला, असे वाचकांना वाटेल. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. संगणक मला कोणी शिकवला नाही. मोडी कागदांचे लिप्यंतर करता यावे म्हणून मी त्याच्याकडे वळलो. पडद्याच्या डाव्या बाजूला कागदाचे छायाचित्र आणि उजव्या बाजूला माझी वही, एवढीच माझी गरज होती. ती भागवताना एकेक कारभारी वापरला, आणि लक्षात आले की हे प्रोग्राम वेगवान की हलके एवढ्यावर तोलण्याचे नाहीत. माणसाचे लक्ष एका वेळी किती ठिकाणी असू शकते आणि त्याची मांडामांड कोणी करायची, यावर प्रत्येकाचे काही म्हणणे आहे. म्हणणे असलेली गोष्ट वाचता येते, तिच्याशी भांडताही येते.

या विविधतेचे मूळ १९८४ सालात आहे. त्या वर्षी अमेरिकेतील एमआयटीमध्ये बॉब शायफ्लर आणि जिम गेटिस यांनी एक्स विंडो सिस्टिमचे काम सुरू केले. तिथल्या अथीना प्रकल्पात निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे होती आणि त्या सर्वांवर एकच चित्रव्यवस्था चालायला हवी होती. त्यांनी एक नियम पाळला: साधन द्यायचे, धोरण द्यायचे नाही. एक्स रेघ काढील, कळ दाबल्याचे सांगील. पण खिडकी कुठे ठेवायची, हे ठरवणार नाही. ते काम एका साध्या, बाहेरच्या प्रोग्रामवर सोपवले. एका वेळी कारभारी एकच. दुसरा आला तर एक्स त्याला नाकारतो. पहिल्याला मात्र काढून टाकता येते. तो गेला तरी खिडक्या उघड्याच राहतात, फक्त चौकटी नाहीशा होतात, आणि नवा कारभारी येऊन त्याच खिडक्या आपल्या पद्धतीने मांडतो. पुढे आलेले सगळे वैविध्य या मोकळ्या सोडलेल्या जागेत उगवले. हौशी लोकांचा हा गोंधळ आहे, असे म्हणणाऱ्यांना ही जागा दिसत नाही.

१९८७ मध्ये टॉम लास्ट्रेंज यांनी टीडब्ल्यूएम लिहिला. मूळ रूपात तो नव्या खिडकीची नुसती बाह्यरेषा दाखवतो आणि थांबतो. जागा वापरणाऱ्याने दाखवायची, मगच खिडकी बसते. आजच्या माणसाला हे त्रासाचे वाटेल. मला त्यात जुन्या कारकुनाची अदब दिसते. १९९३ मध्ये रॉबर्ट नेशन यांनी त्याच्यावरूनच एफव्हीडब्ल्यूएम तयार केला. टीडब्ल्यूएमला लागणाऱ्या मेमरीच्या निम्मी ते एक तृतीयांश एवढ्यातच तो भागवतो, असा त्यांचा अंदाज होता. माऊसच्या कळांचे हुकूम साठवण्याची जुनी पद्धत फार उधळी होती, ती बदलल्याने मुख्यतः ही बचत झाली. नावातल्या पहिल्या एफचा अर्थ काय, याला आता अधिकृत उत्तर नाही. माझ्या जुन्या, ३२ एमबी मेमरीच्या यंत्रावर मोठ्या, देखण्या डेस्कटॉपांनी दम तोडला होता, तेव्हा याच एफव्हीडब्ल्यूएमने माझे दप्तर उघडून दिले. त्यामुळे त्याच्याविषयी मी तटस्थ नाही.

त्यानंतरच्या बहुतेकांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. विंडो मेकरने नेक्स्ट संगणकाचे रूप प्रेमाने उतरवले. एन्लाइटनमेंटने आरास केली. रूप बदलले, म्हणणे तेच राहिले. खरा मतभेद फरशीसारख्या मांडणीने उभा केला. खिडक्या एकमेकींवर न चढता शेजारी-शेजारी बसतात, पडदा रिकामा राहत नाही. ही कल्पना नवी नव्हती. १९८५ चे विंडोज १.० असेच होते. एकमेकींवर चढणाऱ्या खिडक्या १९८७ च्या विंडोज २.० मध्ये आल्या. पण २००० नंतर टुओमो वाल्कोनेन यांचा आयन, २००६ चा डीडब्ल्यूएम, २००७ चा एक्समोनॅड आणि २००९ चा आय-थ्री यांनी ती आग्रहाने मांडली. आयनमध्ये कप्पे आधी आखायचे आणि खिडक्यांनी त्यांत राहायचे. डीडब्ल्यूएममध्ये मुख्य काम एका बाजूला, बाकीचे दुसरीकडे रचून, आणि हे कारभारी स्वतःच करतो. माझ्या छायाचित्राला आणि वहीला याहून चांगली जागा कोणीच दिली नव्हती.

डीडब्ल्यूएमची संहिता दोन हजार ओळींच्या पुढे जाऊ द्यायची नाही, असे त्याच्या कर्त्यांनी ठरवले आहे. रंग बदलायचा असला तरी मूळ संहितेत हात घालून प्रोग्राम पुन्हा बांधावा लागतो. त्यामुळे आपले वापरकर्ते थोडे आणि निवडक राहतील, असेही त्यांनी उघडपणे म्हटले आहे. हा तोरा मला प्रथम आवडला. एका बैठकीत वाचून संपणारा कारभारी! मी तो कागदावर छापून, पेन्सिल घेऊन वाचला. निम्म्याहून अधिक समजला, याचा मला आजही अभिमान आहे.

मग मी ‘किल्ला’ नावाची फाइल उघडली. माथ्यावरच्या पट्टीत पहिली वेलांटी ‘क’च्या डावीकडे यायची ती उजवीकडे आली, आणि जोडाक्षर तुटून एक ‘ल’ पाय मोडून उभा राहिला. दोष फॉन्टचा नव्हता. आपली अक्षरे ज्या क्रमाने साठवली जातात त्याच क्रमाने दिसत नाहीत. त्यांना जोडून, हलवून बसवावे लागते. ते काम डीडब्ल्यूएम करत नाही. त्यासाठी पँगो नावाचे ग्रंथालय आहे, ज्याचे नाव ग्रीक ‘पॅन’ म्हणजे सर्व आणि जपानी ‘गो’ म्हणजे भाषा यांवरून आले. पँगो डीडब्ल्यूएमला जोडणारे ठिगळ मिळते, पण मूळ संहितेत त्याला स्थान नाही. दोन हजार ओळींचा तो नेटकेपणा मी नव्या डोळ्यांनी पाहिला. तो नेटका राहतो, कारण कोणत्या लिपीची अडचण आपली मानायची, हे आधीच ठरलेले आहे. इंग्रजी लिहिणाऱ्याला ती मर्यादा कधी जाणवणार नाही. साधेपणाची स्तुती करणाऱ्या कोणत्याही लेखात मला हा मुद्दा सापडला नाही.

याउलट मेटासिटी. हॅवॉक पेनिंग्टन यांनी तो मुद्दाम कंटाळवाणा केला, आणि इतर कारभाऱ्यांची तुलना मुलांच्या रंगीत, गोड न्याहारीशी करून आपला साध्या न्याहारीसारखा असल्याचे सांगितले. प्रत्येक पर्यायाची काही किंमत मोजावी लागते, हे त्यांचे म्हणणे होते. मला तो कधी आवडला नाही. त्यात माझ्या दोन खिडक्यांची कदर नव्हती. पण तो पँगो वापरत होता आणि ‘किल्ला’ पहिल्या दिवसापासून अखंड दिसत होता. शेवटी मी ओपनबॉक्सवर स्थिरावलो. त्यात दोन्ही साधले: देवनागरी नीट, आणि कोणती खिडकी कुठे ठेवायची हे एका फाइलीत लिहून ठेवण्याची मोकळीक.

आता ती मोकळी जागाच आक्रसते आहे. क्रिस्तियान हॉग्सबर्ग यांनी २००८ मध्ये वेलँडची सुरुवात केली, आणि मोठी लिनक्स वितरणे एक्सला मागे सोडून त्याकडे वळली आहेत. वेलँडमध्ये धनी आणि कारभारी एकच. पडदा रंगवणारा आणि खिडक्या मांडणारा प्रोग्राम वेगळा उरत नाही. तो कोसळला तर सहसा त्याच्याबरोबर खिडक्याही जातात. यामागे कोणाचा डाव नाही. एक्सवर कोणताही प्रोग्राम दुसऱ्यात टंकलेली अक्षरे चोरून वाचू शकतो, ही गोष्ट आजच्या काळात चालणारी नाही. पण नवा कारभारी लिहू पाहणाऱ्याला आता सगळे राज्यच उभारावे लागते. डब्ल्यूएलरूट्स हे ग्रंथालय आपली ओळखच अशी देते, की या साठ हजार ओळी तुम्हाला तशाही लिहाव्या लागल्या असत्या. वेलँडवर नवे कारभारी येत आहेत, त्यांतले कित्येक याच आधारावर, आणि त्यांत चांगलेही आहेत. मात्र ज्याचे म्हणणे या ग्रंथालयाच्या साच्यात बसत नाही, त्याने साठ हजारांचा हिशेब आधी मांडायचा. मला पेन्सिलीने वाचता आला तो कारभारी दोन हजार ओळींचा होता.

ओपनबॉक्सची नवी आवृत्ती २०१५ नंतर आलेली नाही. गेल्या पावसाळ्यात मी लॅबडब्ल्यूसी बसवून पाहिला. तो वेलँडवर चालतो आणि ओपनबॉक्सच्या धाटणीची फाइल वाचतो. माझ्या जुन्या फाइलीतल्या पुष्कळ ओळी जशाच्या तशा चालल्या. छायाचित्राची आणि वहीची जागा ठरवणाऱ्या ओळी मात्र नव्याने लिहाव्या लागल्या. त्यात दोन संध्याकाळी गेल्या. ‘किल्ला’ नीट दिसतो आहे. वही अजून दोन बोटे डावीकडे उघडते.