खाली दडलेले चित्र : 'पेंटिमेंट' या कथाखेळाविषयी

चित्रकार एखादी आकृती रंगवतो, तिच्याविषयी असमाधानी होतो आणि तिच्यावर दुसरी आकृती रंगवतो. पुढे कित्येक वर्षांनी वरचा रंग विरळ होऊन खालची जुनी रेषा डोकावू लागते. अशा रेषेला इटालियन भाषेत 'पेंटिमेंतो' म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ आहे पश्चात्ताप. ऑब्सिडियन एंटरटेनमेंट या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रकाशात आणलेल्या 'पेंटिमेंट' या संगणकीय खेळाचे नाव याच शब्दावरून घेतले आहे, आणि ते केवळ शोभेसाठी घेतलेले नाही.

संगणकावरचा खेळ म्हटला की आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना गोळीबार आणि मोटारींच्या शर्यती आठवतात. परंतु १९८० नंतरच्या दशकापासून या माध्यमात 'पॉइंट अँड क्लिक' नावाची एक वेगळी परंपरा रुजली आहे. तीत पडद्यावरील वस्तूंवर आणि माणसांवर टिचकी मारीत पुढे जायचे असते. शोधायचे, बोलायचे, ऐकायचे असते. कौशल्य बोटांचे नव्हे, तर लक्ष देण्याचे. 'पेंटिमेंट' याच परंपरेतील आहे. त्याचे दिग्दर्शक जॉश सॉयर यांचे महाविद्यालयीन शिक्षण इतिहास विषयात झाले असून त्या अभ्यासाची खूण या कृतीत ठायी ठायी उमटली आहे.

कथानक घडते बव्हेरियातील टासिंग या काल्पनिक गावी आणि त्याच्या कडेच्या किअर्साउ या बेनेडिक्टाइन मठात. काळ १५१८ चा. ल्यूथरचे प्रबंध प्रसिद्ध होऊन जेमतेम वर्ष लोटले आहे. न्यूरेंबर्गचा आंद्रेआस मालर हा उमेदवारी संपवलेला, पण अद्याप उस्तादपदी न पोहोचलेला चित्रकार मठाच्या लेखनशाळेत ग्रंथ चित्रांकित करीत असतो. मठात आलेल्या एका सरदाराचा खून होतो आणि आंद्रेआसचे वृद्ध स्नेही ब्रदर पिएरो मृतदेहापाशी सापडतात. त्यांना वाचवायचे तर दुसरा अपराधी दाखवून देणे भाग. संशय अनेकांवर आहे : गूढ विद्येच्या नादी लागलेले प्रायर फेरेंक, सरदाराच्या अत्याचाराला बळी पडलेल्या सिस्टर मटिल्डा, मठावर रागावलेली वृद्ध विधवा ओटिलिया, पाथरवट लकी. वेळ थोडा आहे; सर्वच धागे तपासता येत नाहीत. अखेर आर्चडीकनसमोर खेळणाऱ्याने आपला संशय मांडायचा आणि ज्याच्यावर दोष ठरेल त्याचा वध गावासमोर पाहायचा.

मांडणीच्या अंगाने ही कृती विलक्षण देखणी आहे. पडदा म्हणजे हस्तलिखिताचे पान. पात्रे त्याच्या समासातून उतरल्यासारखी. संवाद कोणी उच्चारीत नाही. ते लेखणीच्या कुरकुरीसह अक्षरांतून उमटतात. मठवासीयांची अक्षरे ग्रंथातली, शेतकऱ्यांची ओबडधोबड, मुद्रकाची छापील खिळ्यांची. एखादा ग्रामस्थ शिकलेला आहे असे आंद्रेआसला कळले की त्याचे अक्षरही पालटते. देवाचे नाव आधी रिकामे सोडलेले असते आणि मागाहून लाल शाईने भरले जाते. १६१६ मध्ये रोमन लिपीत छापलेले फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' ज्यांना ठाऊक आहे, त्यांना अक्षराचे रूपही काही बोलते हे निराळे सांगावयास नको. काळाची मोजणी मठातील प्रहरप्रार्थनांनी होते, आणि महत्त्वाच्या गोष्टी बहुधा जेवताना कळतात. गरिबाघरची भाकर आणि मठातले भोजन यांतील अंतर कोणी भाषण करून सांगत नाही. ते ताटातच दिसते.

समीक्षकांनी या कृतीचे सामान्यतः स्वागतच केले. तरी तीन तक्रारी वारंवार आल्या : गती संथ आहे, ये-जा फार आहे, आणि खरा खुनी कोण हे खेळ कधीच सांगत नाही. पहिल्या दोन्हींत तथ्य आहे. विशेषतः ज्याला वाचनाचा कंटाळा, त्याला हा खेळ जड जाईल. तिसऱ्या तक्रारीचा मात्र जरा खोलवर विचार करावयास हवा.

रहस्यकथेच्या वाचकाला शेवटी उत्तर मिळण्याचा हक्क असतो, अशी आपली समजूत असते. उत्तर मिळाले की मन निश्चिंत होते आणि मधल्या चुका माफ होतात. 'पेंटिमेंट' ही निश्चिंती नाकारतो. दिग्दर्शकाने जाणूनबुजूनच खुनी निश्चित केलेला नाही. पुरावे प्रत्येकाविरुद्ध थोडे थोडे आहेत. पुरेसे कोणाविरुद्धच नाहीत. मग खेळणारा निवड कशाच्या आधारे करतो? कोणी आवडते म्हणून, कोणी उद्धट वाटते म्हणून, कोणी गेले तरी गावाचे फारसे अडणार नाही म्हणून. आपल्या न्यायबुद्धीत सोयीचा किती वाटा असतो हे इतक्या रोखठोकपणे दाखवणारी कृती विरळा. उत्तर दिले असते, तर 'माझे बरोबर आले' किंवा 'चुकले' एवढ्यावर सारे संपले असते. ते न दिल्यामुळे एका माणसाचा जीव आपल्या शब्दाने गेला, एवढेच सत्य हाती उरते.

आणि गाव ते विसरत नाही. कथा सात वर्षांनी, १५२५ मध्ये, शेतकऱ्यांच्या बंडाच्या धामधुमीत पुन्हा सुरू होते. तेव्हाची पोरे मोठी झालेली असतात, कोणी दगावलेले असते, आणि वधस्तंभावर गेलेल्याची जागा रिकामीच असते. दुसरा खून, दुसरा निवाडा, आणि पुढे मठाला लागलेली आग. प्रापंचिक आयुष्यातही निंदेचा एक शब्द असाच घराघरांत वर्षानुवर्षे राहतो. धर्मग्रामात वावरणाऱ्या कोणालाही हे पटेल.

ही कृती ख्रिस्तसभेच्या विरोधात आहे काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. मठाधिपती गेरनोट कठोर आहेत, मठाचे हक्क गावकऱ्यांना जाचतात. हे सारे त्या काळाला धरूनच आहे. परंतु त्याच मठात ग्रंथालय जपणाऱ्या सिस्टर इल्युमिनाटा आहेत, सौम्य वृत्तीचे पिएरो आहेत. गावात इथिओपियाहून आलेले धर्मगुरू सेभात आहेत. त्यांच्या शुभवर्तमानाच्या चित्रांत ख्रिस्त आफ्रिकी वर्णाचा दिसतो आणि गावची मुले चकित होतात. श्रद्धेची थट्टा येथे कोठेही नाही. तरीही कथेचा शेवट आपल्याला अस्वस्थ करणारा आहे, आणि तो सांगितल्याविना परीक्षण पुरे होणार नाही.

तिसरा भाग १५४३ मधला. मुद्रकाची मुलगी माग्दालेने नगरगृहाच्या भिंतीवर गावाचा इतिहास रंगवीत आहे. याच भागात उलगडते की निनावी चिठ्ठ्या पाठवून लोकांना खुनाला प्रवृत्त करणारे होते गावचे धर्मगुरू फादर थॉमस. गावच्या संत मॉरित्स आणि संत साटिया यांच्या आख्यायिकांखाली मार्स व डायना या रोमन देवतांची पूजा दडलेली आहे. ते उघड झाले तर लोकांची श्रद्धा मोडेल, ही त्यांची भीती. कलादृष्ट्या हा भाग मला सर्वांत दुबळा वाटतो. दोन भाग ज्या अनिश्चिततेचा भार वाहिला, तो पडद्यामागच्या एका सूत्रधारावर टाकून हलका करण्याचा मोह लेखकाला आवरलेला नाही. सुदैवाने चिठ्ठी कोणी लिहिली हे कळले, तरी शस्त्र कोणी उचलले हे गुलदस्त्यातच राहते; तेवढ्यापुरता मूळ धागा तुटत नाही.

विचार म्हणून मात्र फादर थॉमस यांची चूक मोलाची आहे. देवळे पाडू नका, ती शुद्ध करून देवाच्या सेवेला लावा, असा सल्ला पोप थोर ग्रेगरी यांनी ६०१ मध्येच इंग्लंडला निघालेल्या मिशनऱ्यांना दिला होता. ६०९ मध्ये रोमचे पँथेऑन सर्व जगासमक्ष ख्रिस्तमंदिर झाले. ज्या गोष्टीची ख्रिस्तसभेला स्वतःला लाज वाटली नाही, ती लपवण्यासाठी एका धर्मगुरूने माणसांचे प्राण पणाला लावले. श्रद्धेला असत्याचे कुंपण घालावे लागते असे ज्याला वाटले, त्याचीच श्रद्धा आधी डळमळली होती.

खेळात वध व अत्याचार आहेत, म्हणून लहान मुलांच्या हाती तो देऊ नये. जाणत्या तरुणांनी आणि त्यांच्या पालकांनी मात्र तो सोबतीने अनुभवावा आणि दोषी म्हणून आपण कोणाला निवडले व का, याची एकमेकांना कारणे द्यावीत. माग्दालेनेच्या भिंतीवर कोणते प्रसंग यावेत हे शेवटी खेळणाराच ठरवतो. तेथे वधस्तंभ रंगवायचा की नुसते फुललेले शेत, हा प्रश्न वरवर चित्रकलेचा आहे. खरे पाहता तो पापनिवेदनाचा आहे. वरचा रंग कितीही जाड दिला, तरी खालची रेषा एक दिवस दिसणारच. ती आपणहून दाखवणे यालाच पश्चात्ताप म्हणतात.