‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ आणि मराठी विद्यार्थी

रेमंड मर्फी यांचे ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ हे पुस्तक केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने १९८५ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. मध्यम पायरीच्या विद्यार्थ्यासाठी त्याची योजना आहे. डाव्या पृष्ठावर नियमाचे विवेचन व उजव्या पृष्ठावर त्याचाच अभ्यास, ही मांडणी स्वयंअध्ययनास निःसंशय उपकारक आहे. तथापि तिच्यातच एक उणीव दडलेली आहे. नियम डोळ्यांसमोर असल्याने गाळलेली जागा भरताना रूप साधले की काम भागते. ते रूप केव्हा योजावे, हा निर्णय पुष्कळदा पाठाच्या शीर्षकानेच दिलेला असतो. पुढील आवृत्त्यांत अखेरीस संमिश्र अभ्यास आहेत, हे खरे. परंतु सर्व भाषकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात मराठी भाषकाची विशिष्ट अडचण कोठून यावी? ‘तो कालच आला आहे’ हे वाक्य मराठीत निर्दोष होय. इंग्रजीत मात्र ‘यस्टरडे’ या शब्दासमवेत पूर्ण वर्तमानकाळ चालत नाही. विद्यार्थ्याची चूक अज्ञानातून नव्हे, तर मातृभाषेच्या ज्ञानातून उद्भवते. ती गाळलेल्या जागेत सहसा प्रकट होत नाही, भाषांतरात होते. म्हणून या पुस्तकाच्या जोडीला, मागासलेला म्हणून टाकून दिलेला भाषांतराचा अभ्यास अध्यापकाने पुन्हा योजणे इष्ट ठरेल.