मढीवरचा दिवा कोण लावतो?

पंजाबच्या खेड्याचे एक चित्र आपल्या सर्वांच्या मनात तयार असते. मोहरीची पिवळी शेते, विहिरीवरचा रहाट, तंदूरभोवती जमलेल्या बायाबापड्या, लोहडीचा जाळ आणि एकमेकांसाठी जीव टाकणारे दोन मित्र. चित्रपटांनी हे चित्र इतके गिरवले, की महामार्गावरच्या ढाब्यांच्या भिंतींवरही आता तेच रंगवलेले दिसते. कोपऱ्यात एक चरखा मांडला की वारसा जपल्याचे पुण्य पदरी पडते. हे चित्र खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. ते अपुरे आहे. आणि त्यातून कोण वगळला गेला हे ज्यांना जाणून घ्यायचे असेल, त्यांनी गुरदियाल सिंग यांची ‘मढी दा दीवा’ ही कादंबरी अवश्य वाचावी.

ही कादंबरी १९६४ साली प्रसिद्ध झाली. तिचे लेखक १९३३ साली जैतोच्या परिसरात जन्मले. (१९२३ साली पंडित नेहरूंना जेथे अटक झाली, तेच हे जैतो.) घर सुतारांचे. शाळेत जायच्या वयात त्यांच्या हाती किंकरा आणि वाकस आला. पुढे जिद्दीने शिकून ते शिक्षक झाले, प्राध्यापक झाले. १९९९ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना हिंदीतील निर्मल वर्मा यांच्यासमवेत विभागून मिळाला. २०१६ साली त्यांचे निधन झाले. सुताराचे हे बालपण आम्ही मुद्दाम सांगत आहोत. गावगाड्यात ज्याला प्रत्येक दारी जावे लागते, पण कोणत्याही ओट्यावर बरोबरीने बसता येत नाही, त्याच्या नजरेला गाव निराळे दिसते. पंजाबात या व्यवस्थेला ‘सेपी’ म्हणतात. आपल्याकडील बलुतेदारीचीच ती बहीण.

मढी हा शब्दही मराठीला परका नाही. कानिफनाथांची मढी आपण ऐकलेली असते. पंजाबी खेड्यात मृताच्या स्मरणार्थ चार विटा रचून वा मातीचा ओटा करून जे स्थान बांधतात, ते मढी. घरची माणसे तेथे दिवा लावतात. आपल्या माणसांच्या कबरीवर मेणबत्ती लावणाऱ्या वाचकांना यापुढे अधिक फोड करून सांगण्याची गरज नाही.

कथा अशी. जगसीर हा दलित शेतमजूर, ‘सीरी’. सीरी म्हणजे पिकाच्या ठरावीक हिश्श्यावर जमीनदाराच्या शेतात राबणारा गडी. त्याचा बाप ठोला याने धरमसिंगच्या घराण्यासाठी हाडे झिजवली. धरमसिंगच्या बापाने त्याला भावासारखे मानले आणि शेताचा एक तुकडा ‘हा तुझा’ म्हणून त्याच्याकडे राहू दिला. त्या तुकड्यात ठोल्याने लावलेली टाहली, म्हणजे शिसवीचे झाड, उभी आहे. त्याची मढीही तेथेच आहे. बापांचे नाते मुलांनी पुढे चालवले. धरमसिंग जगसीरला भाऊ मानतो आणि मनापासून मानतो. परंतु धरमसिंगचा मुलगा भंता मोठा होतो, हिशेब करू लागतो. सीरीला कसली जमीन? एके दिवशी टाहली तोडली जाते, मढीही उरत नाही. जगसीरची म्हातारी आई नंदी या घावातून सावरत नाही. धरमसिंग विटून घर सोडून निघून जातो, आणि जगसीर नशेच्या आहारी जाऊन विझत जातो.

सेमिनरीत असताना आम्ही ही कादंबरी प्रथम वाचली, तेव्हा धरमसिंगपुढे आमचे मस्तक नमले होते. दिलेला शब्द पाळणारा, जातीची भिंत ओलांडून मैत्री करणारा आणि घरात अन्याय झाला तेव्हा संसारावर पाणी सोडणारा असा हा मनुष्य. याहून मोठे मन कोणते? यंदा ती पुन्हा वाचली आणि आमचे मत बदलले. धरमसिंगचे प्रेम आजही आम्ही खरेच मानतो. पण तो तुकडा जगसीरच्या नावावर कधी चढला नाही. शब्द दिला गेला, पाळलाही गेला. परंतु देणारे हात थकले तेव्हा त्या शब्दाला कोणी वारस राहिला नाही. आणि ज्या क्षणी जगसीरला त्याची सर्वाधिक गरज होती, त्याच क्षणी धरमसिंग निघून गेला. त्याने वैराग्य पत्करले आणि मित्राला भंत्याच्या हाती सोडले. तरुणपणी आम्हाला जो त्याग वाटला होता, तो आज आम्हाला पळ काढणे वाटते. वाचकांपैकी काहींना हा निवाडा कठोर वाटेल याची आम्हाला कल्पना आहे.

त्या काळाची एक बाजू मात्र येथे नोंदवली पाहिजे. ब्रिटिश सरकारने १९०० साली पंजाबसाठी जमीन हस्तांतरणाचा कायदा केला. शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये हा त्याचा उद्देश. पण शेतकरी कोण हे त्या कायद्याने जातींच्या यादीवरून ठरवले. पिढ्यानपिढ्या नांगर धरणारे दलित मजूर या यादीबाहेर राहिले, आणि जमीन विकत घेण्याची वाटच त्यांना बंद झाली. हा कायदा स्वातंत्र्यानंतर गेला. त्याने घडवलेली सवय इतक्या लवकर जाणारी नव्हती. ‘जमीन त्यांची नसतेच’ हे भंत्याला कोणी शिकवावे लागत नाही. त्याच्यासाठी तो निसर्गनियमच आहे.

पंजाबच्या खेड्यांतील मैत्रीविषयीच्या पुष्कळ कथांत मैत्री तुटते ती फाळणीच्या वणव्यात. खुशवंत सिंग यांची ‘ट्रेन टू पाकिस्तान’ (१९५६) आपल्यापैकी अनेकांनी वाचलेली असेल. तेथे संकट आगगाडीत बसून गावाबाहेरून येते, आणि तोवर गाव गुण्यागोविंदाने नांदत असतो. गुरदियाल सिंग यांनी ही सोय स्वतःला घेऊ दिली नाही. त्यांच्या गावात बाहेरून कोणी शत्रू येत नाही. शेजारी तेच, बांध तोच, दुपारच्या भाकरीची वेळ तीच. जे मोडते ते आतून मोडते. पंजाबात हरितक्रांतीचे वारे जोराने वाहू लागण्यापूर्वीचे हे लेखन आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे लेखकाच्या दृष्टीचे नवल वाटते. ट्रॅक्टर आणि नव्या बियाण्यांनी जुनी माया संपवली असे सांगितले जाते. ती माया किती कच्च्या पायावर उभी होती, हे या सुतारपुत्राने आधीच पाहून ठेवले होते.

कादंबरीत मैत्री आणखी एक आहे, आणि आमच्या मते तीच कादंबरीचा प्राण आहे. रौणकी हा जगसीरच्याच पायरीवरचा, तसाच फाटका माणूस. त्याची बायको संतो त्याला सोडून गेली आहे आणि ती परत येईल या आशेवर तो दिवस काढतो. जगसीरला देण्याजोगे त्याच्याजवळ काहीच नाही. तो बोलतो, ऐकतो, जवळ बसतो. धरमसिंगच्या मैत्रीत उपकाराचा एक सूक्ष्म सुगंध सतत दरवळत असतो; रौणकीच्या मैत्रीत घामाचा वास आहे. पहिली मोठी दिसते. दुसरी अखेरपर्यंत टिकते.

दोषही सांगितले पाहिजेत. भंता आणि त्याची आई धन्नो यांना लेखकाने फारच काळ्या शाईने रंगवले आहे. भंत्याच्या मनातली जमिनीची भीती, वाटण्या होत होत तुकडे उरण्याची ती काळजी, त्याने थोडी उलगडली असती तर अन्याय अधिक भयंकर वाटला असता. निक्का न्हाव्याची बायको भानी हिच्यावर जगसीरचे आयुष्यभराचे मुके प्रेम आहे, पण तिच्या मनात डोकावण्याची संधी आम्हाला फार थोडी मिळते.

आम्हाला पंजाबी येत नाही. अजमेर रोडे यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतरावरून आम्ही लिहीत आहोत, त्यामुळे माळवा प्रांताच्या बोलीची चव आमच्यापर्यंत पोचली नाही, हे कबूल करतो. त्या भाषांतराचे नाव ‘द लास्ट फ्लिकर’ आहे, म्हणजे ज्योतीची शेवटची फडफड. नाव सुरेख आहे, पण ते आम्हाला पटत नाही. फडफड ज्योतीची ती एकटीच करते, तिला कोणी लागत नाही. मढीवरचा दिवा आपोआप पेटत नाही. त्यासाठी कोणाला तरी तेलवात घेऊन शेतापर्यंत चालत जावे लागते.

१९८९ साली सुरिंदर सिंग यांनी या कादंबरीवर चित्रपट केला आणि त्याला उत्कृष्ट पंजाबी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. राज बब्बर यांचा जगसीर संयत आहे, दीप्ती नवल यांची भानीही लक्षात राहते. तरी आमच्या मनात घर केले ते पंकज कपूर यांच्या रौणकीने. घरच्या मुलामुलींना पुस्तक जड वाटले, तर हा चित्रपट त्यांच्यासमवेत बसून पाहावा. एवढेच सुचवतो, की तो पाहताना धरमसिंगविषयी त्यांचे मत काय होते ते विचारावे. आपले मत आधी सांगू नये.

अखेरीस जगसीर जातो. पुत्र नाही, भाऊ म्हणवणारा दूर निघून गेलेला, जमिनीचा तुकडा परक्याचा. अशा माणसाच्या नावाने दिवा लावायला त्या गावात रक्ताचे कोणी उरलेले नसते. तो दिवा भानी लावते.