वितळलेल्या लवणातील क्रोमियम : एका निष्कर्षाची चिकित्सा

अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९६५ ते १९६९ या काळात चाललेली वितळलेल्या लवणाची प्रायोगिक अणुभट्टी हा उच्च तापमानाच्या रसायनशास्त्रातील एक महत्त्वाचा प्रयोग होय. हॉबेनराइक व एंगेल यांचा १९७० मधील लेख या प्रयोगाचा आढावा घेतो. लिथियम, बेरिलियम, झिर्कोनियम व युरेनियम यांच्या फ्ल्युओराइडांचे मिश्रण सुमारे ६५० अंश सेल्सिअसला निकेलच्या मिश्रधातूतून वाहत राहिले आणि संक्षारण अत्यल्प झाले, हा त्यातील एक प्रमुख निष्कर्ष. तो चुकीचा नाही. मात्र तो कोणत्या मोजमापावर उभा आहे, हे तपासणे आवश्यक ठरते.

हवा-पाण्याच्या संपर्कात क्रोमियम पोलादाचे रक्षण करते, कारण त्याच्या ऑक्साइडाचा पातळ थर पृष्ठभागावर टिकून राहतो. फ्ल्युओराइड लवणात असा थर टिकत नाही. शिवाय निकेल, मोलिब्डेनम व लोह यांच्या आधी क्रोमियमचेच ऑक्सिडीकरण होते. चतुःसंयुजी युरेनियम त्याचे इलेक्ट्रॉन घेऊन त्रिसंयुजी होते आणि क्रोमियम द्विसंयुजी फ्ल्युओराइडाच्या रूपाने लवणात उतरते. राखणदारच येथे पहिला बळी! म्हणूनच हॅस्टेलॉय-एन या मिश्रधातूत क्रोमियम केवळ ७ टक्क्यांच्या आसपास ठेवले गेले, आणि लवणातील त्याची वाढ हे संक्षारणाचे प्रमुख माप मानले गेले. लवण अधिक ऑक्सिडीकारक होऊ नये म्हणून त्यात बेरिलियम धातू सोडण्याची योजना निश्चितच कल्पक होती.

परंतु हे माप सरासरीचे आहे. किती क्रोमियम गेले ते त्यातून कळते; धातूत काय शिरले ते कळत नाही. भट्टी बंद झाल्यानंतर तपासलेल्या भागांत लवणाला लागून असलेल्या पृष्ठभागावर कणसीमांवर उथळ भेगा आढळल्या. त्यांचे कारण विखंडनातून निर्माण होणारे टेल्युरियम हे होते. लवणाचे विश्लेषण कितीही काटेकोर असते तरी या भेगा त्यात दिसल्या नसत्या. १९७० च्या लेखकांना याबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांच्या आधारे संक्षारणाचा प्रश्न सुटल्याचे आजही सांगणाऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी.

चतुःसंयुजी व त्रिसंयुजी युरेनियमचे गुणोत्तर सुमारे ६० च्या खाली राखल्यास या भेगा बऱ्याच अंशी टळतात, असे त्याच प्रयोगशाळेत पुढे दिसून आले. तथापि हा पुरावा नमुन्यांवरील चाचण्यांचा आहे. १९७६ च्या सुमारास कार्यक्रमच थांबल्याने चालत्या भट्टीत तेथे त्याची परीक्षा झाली नाही. थोरियमच्या निमित्ताने तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातही लवणभट्टीचा विचार झालेला आहे. अशा भट्टीच्या मिश्रधातूची निवड करताना लवणातील क्रोमियमच्या आकड्याइतकेच धातूच्या छेदाचे सूक्ष्मदर्शकीय चित्रही मागितले पाहिजे.